उष्णतेला वाट हवी

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या नावांवरून तिला हे नाव मिळाले. अशा वसाहतीत एखादा तरुण कलावंत सदनिकेच्या लहानशा खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करतो. गणेशोत्सव आला की इमारतीच्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम ठरतो. दोन्ही ठिकाणी कोपऱ्यात एक धातूची चौकट उभी असते. तिच्यात अ‍ॅम्प्लिफायर, इक्वलायझर यांसारखी उपकरणे एकावर एक बसवलेली असतात. या चौकटीला रॅक म्हणतात. उपकरणांच्या दर्शनी पट्ट्यांची रुंदी 19 इंच ठरलेली असते आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत मोजली जाते. त्यामुळे कोणत्याही कंपनीचे उपकरण त्यात नेमके बसते.

ही मांडणी सुटसुटीत खरी, पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. उपकरणे जितकी दाटीने बसतात, तितकी त्यांची उष्णता कोंडते. कार्यक्रम ऐन रंगात आलेला असावा आणि आवाज एकाएकी बंद पडावा, असा प्रसंग अनेक ठिकाणी घडतो. गायक गोंधळतो, श्रोते मागे वळून पाहतात आणि दोष मात्र उपकरणाला दिला जातो. वास्तविक पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तापमान मर्यादेपलीकडे गेले की आपोआप बंद होण्याची योजना असते. उपकरण बिघडलेले नसते. त्याने स्वतःला वाचवलेले असते.

ही उष्णता येते कोठून? अ‍ॅम्प्लिफायरने घेतलेली सर्व वीज ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचत नाही. एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता सिद्धांतानुसारही 78.5 टक्क्यांच्या पुढे जात नाही. सर्वसाधारण आवाजात तर ती बरीच कमी असते. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. डी वर्गाची नवी उपकरणे सुमारे 90 टक्के कार्यक्षमता गाठू शकतात; तरीही उष्णता पूर्णपणे टळत नाही. तिचा परिणाम ताबडतोब दिसतोच असे नाही. उपकरणांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान 10 अंशांनी वाढले, तर त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ज्याचा उदरनिर्वाह या उपकरणांवर चालतो, त्या ध्वनितंत्रज्ञाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

बेंगळुरूची हवा थंड, मग तेथे ही चिंता कशाला, असे कोणास वाटेल. परंतु उन्हाळ्यात तेथील पारा 35 अंशांच्या वर चढतो. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्यामुळे तेवढ्याच हवेतून कमी उष्णता वाहून नेली जाते. रॅकमध्ये 500 वॉट उष्णता निर्माण होत असेल आणि आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा 10 अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर समुद्रकिनाऱ्यावरील गावात दर सेकंदाला सुमारे 43 लिटर हवा खेळवावी लागेल; बेंगळुरूत मात्र सुमारे 47 लिटर लागेल.

यावरील उपायाचे तत्त्व जुन्या घरांना ठाऊक होते. चुलीच्या वर धुराडे असे आणि खाली दारातून ताजी हवा आत येई. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. म्हणून रॅकच्या खालच्या बाजूस हवा आत येण्यास जागा ठेवावी आणि वरच्या बाजूस ती बाहेर काढणारा पंखा बसवावा. सर्वाधिक तापणारी उपकरणे शक्यतो वर ठेवावीत, म्हणजे त्यांची उष्णता इतरांना भाजत नाही. मात्र जड अ‍ॅम्प्लिफायर वर ठेवल्याने रॅक कलंडण्याचा धोका असेल, तर ते खालीच बसवून त्यांच्या हवेची स्वतंत्र व्यवस्था करावी.

रिकाम्या जागेचाही विचार करावा लागतो. पंखा नसलेल्या उपकरणांच्या वर जाळीदार पट्टी लावून मोकळी जागा सोडणे हितकारक असते. पण उपकरणांत समोरून मागे हवा नेणारे पंखे असतील, तर मधल्या फटी बंद पट्ट्यांनी झाकाव्यात. अन्यथा मागची गरम हवा फटींतून पुन्हा समोर येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. सर्व पंख्यांची दिशा एकच असावी. एक पंखा हवा पुढे ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो, असे झाले तर दोघांचेही श्रम वाया जातात.

रॅकची मागची बाजू भिंतीला टेकवू नये. शोभेसाठी तिच्यावर पडदा टाकू नये आणि पेटीची झाकणे कार्यक्रमापूर्वी काढावीत. खोली वातानुकूलित असली, तरी बंद कपाटातील रॅकला त्या गारव्याचा फारसा लाभ होत नाही. रस्त्यांची व बांधकामांची धूळ पंख्यांच्या जाळीवर साचते. वीजजोडणी काढून ती जाळी वेळोवेळी स्वच्छ करावी. उपकरणाचे आवरण मात्र जाणकारावाचून कोणी उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो.

यांतील बहुतेक गोष्टींना फारसा खर्च येत नाही. लागते ती पूर्वतयारी. आवाज बंद पडल्यावर टेबलपंखा शोधत धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय. जेथे वीज काम करते, तेथे उष्णता निर्माण होणारच. तिला कोंडले तर ती नुकसान करते. वाट करून दिली तर निमूट निघून जाते. श्रोत्यांना रॅकमागचा हा विचार दिसत नाही. त्यांना गाणे अखेरपर्यंत ऐकता येते, आणि तंत्रज्ञाच्या कामाची खरी पावती हीच असते.