हिनामिझावाची वाट कुठून धरावी?
रहस्यकथेचा शेवट आधी कळला की ती कथा मेलीच म्हणायची. दुसऱ्यांदा तिला पहिल्यांदा वाचता येत नाही. जपानच्या ‘हिगुराशी’च्या बाबतीत तर फारच जपायला हवे. संगणकावर वाचायची ही कथा र्‍युकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाने २००२ ते २००६ या काळात आठ भागांत आणली. हिनामिझावा नावाचे काल्पनिक खेडे, आणि बहुतेक प्रसंग जून १९८३ मधले. पहिले चार भाग कोडी घालतात, पुढचे चार ती सोडवतात. पण एका भागात मेलेला माणूस दुसऱ्यात हसत समोर येतो! माझी हयात खतावण्या जुळवण्यात गेली. इथे जमा-खर्च जुळेना, आणि त्यातच मी रंगलो. म्हणून मूळ खेळ क्रमानेच वाचावा. तेवढी सवड नसेल, तर २००६ ची अ‍ॅनिमे मालिका आणि मग २००७ ची ‘काई’. २०२० साली सुरू झालेली ‘गोऊ’ मात्र फसवी. वरून जुनीच कथा नव्याने रंगवल्यासारखी दिसते, निघते पुढची. तिथून सुरुवात केलीत तर दोन्ही हातचे जाते. आणि हो, रक्तपात भरपूर आहे. लहान मुले झोपल्यावरच लावा.