रोजचं सामान्य ज्ञान : आजचे आठ प्रश्न, आणि उत्तर नेमकं कुठे चुकतं

फजरची नमाज होते, चहा होतो, आणि मोबाइलवर ‘आजचे जीके’चा मेसेज येऊन पडतो. दहा प्रश्न, दहा उत्तरं. घरातली पोरं ती वाचतात, कुणी वहीत उतरवून घेतं, कुणी पुढच्या ग्रुपवर पाठवून देतं. सवय चांगली आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरणाच्या जोडीला सामान्य ज्ञान असतंच. तलाठी, रेल्वे, बँक, राज्यसेवा कुठेही जा, हा विषय सुटत नाही. आणि महागडा क्लास न लावता घरबसल्या तयार करता येईल असा हाच एक विषय आहे.

अडचण एकच. या मेसेजमधली बरीच उत्तरं अर्धवट असतात, काही तर सरळ चुकीची असतात. तीच पाठ करून मुलगा परीक्षेला बसला तर मेहनत करूनही गुण जातो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत तर चुकीच्या उत्तराला वरून गुण कापले जातात. म्हणून आज नुसते प्रश्न-उत्तर नको. प्रत्येक उत्तरामागचं कारणही बघू, आणि चूक कुठे होते तेही बघू.

सगळ्यांना माहीत असलेलं चुकीचं उत्तर

प्रश्न १ : भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?

उत्तर : अधिकृतपणे कोणताही नाही.

शंभरातले नव्वद जण ‘हॉकी’ म्हणतील. ध्यानचंद यांचा काळ, ऑलिम्पिकमधली सुवर्णपदकं, यामुळे हॉकीला तो मान लोकांनीच देऊन टाकला. जुन्या पुस्तकांतही तसंच छापलेलं असायचं. पण २०१२ साली माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेच सांगितलं की, कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही. पर्यायात ‘यापैकी नाही’ असेल तर थांबा आणि विचार करा.

प्रश्न २ : ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा प्रथम कोणी दिली?

उत्तर : मौलाना हसरत मोहानी यांनी, १९२१ साली.

इथे बहुतेकांच्या तोंडी भगतसिंग यांचं नाव येतं, आणि त्यालाही कारण आहे. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ही घोषणा दिली आणि ती देशभर पोचली. म्हणजे घोषणा घरोघरी नेली भगतसिंगांनी, पण ती मुळात हसरत मोहानी यांची. हे उर्दूचे नामांकित शायर. १९२१ च्याच अहमदाबाद काँग्रेस अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला होता, आणि पुढे ते संविधान सभेचे सदस्यही झाले. प्रश्नात ‘प्रथम दिली’ आहे की ‘लोकप्रिय केली’, एवढं नीट वाचलं की उत्तर चुकत नाही.

एक शब्द बदलला की उत्तर बदलतं

प्रश्न ३ : भारताची राष्ट्रभाषा कोणती?

उत्तर : संविधानाने कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेलं नाही.

संविधानाच्या कलम ३४३ मध्ये देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची ‘राजभाषा’ आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या कारभाराची भाषा. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द तिथे नाही. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठीही आहे, उर्दूही आहे. सुरुवातीला त्या १४ होत्या. १९६७ मध्ये सिंधी आली. १९९२ मध्ये कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी. आणि ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. चौदा, एक, तीन, चार. बेरीज बावीस. अशी बेरीज करून लक्षात ठेवलं की आकडा विसरत नाही, आणि ‘१९९२ मध्ये कोणत्या भाषा आल्या’ असा आडवा प्रश्न आला तरी जमतो.

याच्याशेजारी तिसरा शब्द आहे ‘अभिजात भाषा’. मराठीला हा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मिळाला. पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही त्याच दिवशी मिळाला. राजभाषा, अनुसूचीतली भाषा आणि अभिजात भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना एकत्रच समजावून सांगा.

प्रश्न ४ : आजवर किती मुस्लिम व्यक्ती भारताच्या राष्ट्रपती झाल्या?

उत्तर : तीन. डॉ. झाकिर हुसेन (१९६७–६९), फखरुद्दीन अली अहमद (१९७४–७७) आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम (२००२–०७).

मग काही याद्यांत चार नावं कशी? चौथं नाव न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांचं. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कामकाज हातात घेतलं. पण राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची म्हणून जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपतीही नाहीत, उपराष्ट्रपतीही नाहीत. अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम पाहायचं, ही तरतूद १९६९ मध्येच झाली होती. त्यामुळे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात राष्ट्रपतींचं काम सांभाळलं. ते ‘कार्यवाहक’ राष्ट्रपती, निवडून आलेले नव्हेत. पुढे १९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती होते. आपल्याकडची आठवण म्हणजे, सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी ते नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

‘निवडून आलेले’ विचारलं तर तीन. ‘कार्यवाहक धरून’ विचारलं तर चार. भांडण याद्यांचं नाही, शब्दाचं आहे.

वर्षं जुळवून पाहा

प्रश्न ५ : बीबी का मकबरा कोणाचा, आणि कोणाच्या काळात बांधला गेला?

उत्तर : औरंगजेब बादशहाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचा. मरणोत्तर नाव राबिया-उद-दौरानी. बांधकाम औरंगजेबाच्याच काळात, १६६० च्या सुमारास पुरं झालं.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेलेल्या प्रत्येकाने ही इमारत पाहिलेली असते. प्रश्नसंचात बहुधा एवढंच लिहिलेलं असतं : ‘मुलगा आझम शाह याने १६५१ ते १६६१ या काळात आईच्या स्मरणार्थ बांधला’. आता कागद-पेन्सिल घ्या. दिलरस बानूंचं निधन १६५७ चं. मग त्यांच्या स्मरणार्थ १६५१ मध्ये काम कसं सुरू होईल? आझम शाहचा जन्म १६५३ चा. म्हणजे १६५१ मध्ये तो जन्मलाही नव्हता, आणि १६६० मध्ये जेमतेम सात वर्षांचा होता! बांधकामाशी त्याचं नाव जोडलं जातं हे खरं, पण सात वर्षांचं पोर एवढी इमारत उभी करत नाही. दरवाज्यावरच्या लेखात वास्तुकार म्हणून अताउल्ला आणि अभियंता म्हणून हंसपत राय यांची नावं आहेत. हा अताउल्ला ताजमहालचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. त्यामुळेच दोन्ही इमारती इतक्या सारख्या दिसतात.

परीक्षेत पर्यायांमध्ये आझम शाहचं नाव असेल तर अपेक्षित उत्तर तेच असू शकतं. पण जन्म-मृत्यूची सालं समोर ठेवून वाक्य तपासायची सवय मुलांना लागली, तर ती शंभर प्रश्नांत उपयोगी पडते.

प्रश्न ६ : हिजरी सन कोणत्या घटनेपासून मोजतात, आणि ही गणना कोणी सुरू केली?

उत्तर : हजरत मुहम्मद (स.) यांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या हिजरतीपासून, म्हणजे इसवी सन ६२२. गणना ठरवली ती दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात.

दोन प्रश्न, दोन उत्तरं. आपल्याच घरात ती एकमेकांत मिसळतात. काही मुलं तर ‘नबींच्या जन्मापासून’ असं लिहून मोकळी होतात. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवस कमी. म्हणून रमजान दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. ताळा करून पाहा : १९९७ च्या जानेवारीत रमजान सुरू झाला होता, तसाच तो २०३० च्या जानेवारीत सुरू होईल. आणि वर्ष छोटं असल्यामुळे २०३० च्या डिसेंबर अखेरीला पुढचा रमजानही लागेल, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस मागेपुढे. एका इंग्रजी वर्षात दोन रमजान!

याला जोडून मराठीतली एक गोष्ट. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी कागदांवर ‘शुहूर सन’ लिहिलेला असतो. आकडे अरबी शब्दांत, वर्ष मात्र सूर्याचं. मृग लागला की नवं वर्ष. शेतसाऱ्याला पिकांचं वर्ष लागतं, चंद्राचं वर्ष चालत नाही, हे त्यामागचं साधं कारण. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या वर्षाचं शुहूर साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. त्यात ६०० मिळवा, १७६१ आलं. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना ५९९ मिळवायचे. मदरशात किंवा मकतबात अरबी गिनती शिकलेल्या मुलाला मराठीचा जुना कागद असा अर्धा वाचता येतो.

काळाबरोबर बदलणारी उत्तरं

प्रश्न ७ : रायगड जिल्ह्याचं जुनं नाव काय, आणि ते कोणाच्या काळात बदललं?

उत्तर : कुलाबा. १९८१ मध्ये, मुख्यमंत्री बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या काळात.

अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, मूळचे याच जिल्ह्यातले. कारकीर्द जून १९८० ते जानेवारी १९८२. त्यांच्याच काळात १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. लातूर आणि गडचिरोली मात्र ऑगस्ट १९८२ चे, म्हणजे त्यांच्यानंतरचे. १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते, आता ३६ आहेत; शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४. जुन्या पुस्तकात ३५ वाचलं तर ते छापलं त्या दिवशी बरोबरच होतं. म्हणून वहीत आकड्यापुढे साल लिहा.

प्रश्न ८ : मौलाना आझाद यांनी ‘गुबार-ए-खातिर’ कुठे लिहिलं?

उत्तर : अहमदनगरच्या किल्ल्यात, ‘छोडो भारत’ आंदोलनानंतरच्या कैदेत.

पत्रांच्या रूपातलं हे उर्दू पुस्तक. त्याच किल्ल्यात त्याच कैदेत पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. शहर आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, तेव्हा प्रश्न दोन्ही नावांनी येऊ शकतो. मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, मक्केतला. ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, म्हणून २००८ पासून ११ नोव्हेंबर हा राष्ट्रीय शिक्षण दिन.

झटपट पाच

• ‘जामिया मिल्लिया इस्लामिया’ची स्थापना कुठे? दिल्लीत नव्हे, अलिगढमध्ये, १९२० साली. दिल्लीला ती नंतर आली.
• शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव? मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी.
• ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ कोणाचा? श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा.
• ‘अल्जिब्रा’ आणि ‘अल्गोरिदम’ हे शब्द कुठून आले? पहिला अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून, दुसरा त्यांच्याच नावावरून.
• विजापूरचा गोल घुमट कोणाची कबर? मुहम्मद आदिलशाह यांची.

घरी हे कसं करायचं

रोज पन्नास प्रश्न नकोत, पाच पुरे. पण प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. प्रश्नातला कोणता शब्द बदलला तर उत्तर बदलेल? सालं एकमेकांशी जुळतात का? हे उत्तर आजही बरोबर आहे की जुनं झालं? उत्तराबद्दल शंका आली तर ग्रुपवर वाद घालू नका. बालभारतीचं किंवा एनसीईआरटीचं पुस्तक उघडा, सरकारी संकेतस्थळ पाहा, संविधानाची प्रत पाहा. गावच्या वाचनालयात ही सगळी पुस्तकं मिळतात.

रात्रीच्या जेवणानंतर अम्मी-अब्बूंनी पाचातले दोन प्रश्न उलटे विचारावेत. ‘पहिले शिक्षणमंत्री कोण’ असं नाही, तर ‘११ नोव्हेंबरला काय असतं आणि का’ असं. दादी-नानीला गावाचं जुनं नाव, जुना तालुका विचारा. त्यातून दोन प्रश्न नवे निघतील. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारा. जो मुलगा ‘का’ सांगू शकतो, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही.

आणि शेवटची विनंती मोठ्यांना. एखाद्या मेसेजमध्ये आपल्या माणसांचं कौतुक आहे म्हणून तो न तपासता पुढे पाठवू नका. हसरत मोहानी, हिदायतुल्ला, आझाद यांचं खरं काम एवढं मोठं आहे की त्यात भर घालायची गरजच नाही. चुकीची एक ओळ पकडली गेली की तिच्याबरोबरच्या नऊ खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. पाठवायच्या आधी दोन मिनिटं तपासा, आणि चूक सापडली तर त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका.