जिभेचा माग : वाचोपचाराची साधने आणि झाडीपट्टी

ओठांची हालचाल डोळ्यांना दिसते, परंतु उच्चाराचे बहुतेक काम करणारी जीभ दातांआड राहते, आणि सदोष उच्चार सुधारणाऱ्या वाचोपचाराची मूळ अडचण हीच आहे. प्राचीन शिक्षाग्रंथांनी वर्ण जेथे उत्पन्न होतो त्या जागेस ‘स्थान’ आणि तेथे पोहोचणाऱ्या जिभेच्या भागास ‘करण’ म्हटले. पण ते ज्ञान स्वतःच्या मुखाचे निरीक्षण करून मिळालेले होते. जीभ टाळूवर नेमकी कोठे टेकली हे नोंदवण्याचा प्रयत्न 1870च्या दशकात लंडनमधील दंतवैद्य ओकली कोल्स यांनी केला. त्यांनी टाळूला डिंक व पिठाचे मिश्रण लावले आणि एकेका उच्चारानंतर ते कोठे पुसले गेले ते पाहिले. शंभर वर्षांनी इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात विल्यम हार्डकॅसल यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या विद्युत्-तालुलेखनाने तोच विचार पुढे नेला. त्यात टाळूचा साचा घेऊन पातळ कृत्रिम पट्टी बनवतात, तिच्यावरील 62 विद्युद्बिंदूंपैकी जिभेने ज्यांना स्पर्श केला ते पडद्यावर उमटतात, आणि टाळू दुभंगलेल्या मुलांच्या उपचारात हे साधन विशेष उपयोगी ठरले. मात्र पट्टी प्रत्येक मुलासाठी वेगळी करावी लागते आणि टाळू वाढला की निरुपयोगी होते.

सोनोग्राफीने ही अडचण टाळली, कारण हनुवटीखाली धरलेल्या शोधकातून जिभेच्या पाठीची रेषा मुखात काहीही न घालता दिसते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील बार्बरा बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी ती प्रथम श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी वापरली व पुढे त्या प्रांताच्या ग्रामीण भागात नेली. फिरत्या तज्ज्ञाने यंत्रावर दोषाचे स्वरूप ठरवावे आणि स्थानिक उपचारकाने यंत्राविना सराव चालू ठेवावा, अशी ती पद्धत होती. अंतरे मोठी आणि तज्ज्ञ थोडे असलेल्या, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला याहून जवळचा नमुना सापडणे कठीण आहे. तथापि भारतात 1994च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी व ने-आण कडक बंधनांत आहे, आणि ती बंधने योग्य कारणासाठीच असल्याने वाचोपचारकाला ते यंत्र घेऊन गावोगाव फिरणे सोपे नाही.

या दृष्टीने पवई येथील आयआयटी मुंबईमध्ये प्रेमचंद पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम अधिक मोलाचे वाटते. कर्णबधिर मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्याला जिभेची स्थिती चित्ररूपाने दाखवावी, आणि ते चित्र केवळ ध्वनिग्राहकातून आलेल्या आवाजाच्या गणिती विश्लेषणाने काढावे, हा त्यामागील हेतू होता. स्वरांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी साधते. परंतु ‘ट’ किंवा ‘क’ म्हणताना जीभ हवेची वाट पूर्ण अडवते, त्या क्षणी विश्लेषणाला पुरेल असा ध्वनीच नसतो, आणि नेमके जे दाखवायचे तेच हरवते. मिलिंद शहा व पांडे यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अडथळ्याच्या आधीच्या व नंतरच्या स्वरांतून मुखविवराचा आकार काढून मधल्या निःशब्द क्षणातील आकाराचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. महाराष्ट्रातल्या दूरच्या शाळांना परवडेल असे साधन याच दिशेने येऊ शकते.

अशा साधनाची गरज तर झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत जुनीच आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात मूकबधिर विद्यालय आहे. 2013मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू, जन्मजात बहिरेपणा आणि भाषाविकासातील विलंब यांची तपासणी होते. शिवाय सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा येथे सर्रास खाल्ला जातो. सुपारीमुळे मुखाचे अस्तर ताठरते, तोंड पुरते उघडत नाही व जीभही जखडते, तर तंबाखू कर्करोगाला वाट करून देते. गडचिरोलीत 2016पासून चाललेले ‘मुक्तिपथ’ अभियान व्यसन रोखण्यासाठी झटते. पण ज्यांच्या जिभेचा भाग शस्त्रक्रियेत गेला, त्यांना उरलेल्या जिभेने नव्याने बोलायला शिकावे लागते.

यंत्र जिभेची जागा दाखवते, योग्य जागा कोणती हे मात्र भाषा ठरवते. प्रमाण मराठीतही ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जात असला तरी जीभ दोन निरनिराळ्या ठिकाणी टेकते. झाडीपट्टीच्या झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, त्यामुळे ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणारे मूल सदोष उच्चाराचे नसून आपल्या घरची बोली बिनचूक बोलत असते. हेच गोंडी, माडिया आणि सिरोंच्याकडील तेलुगू बोलणाऱ्या मुलांबाबत खरे आहे. डोंगरी माडिया बोलीत तर पडजिभेजवळ उच्चारला जाणारा ‘र’ आहे. अशा मुलाची जीभ पडद्यावर मागे सरकलेली दिसली, तर उपचाराला आरंभ करण्यापूर्वी त्याची आई तोच शब्द कसा उच्चारते हे त्याच यंत्रावर नोंदवून घ्यावे लागेल.