पगार एकाचा, पॅच सगळ्यांचा

या आठवड्यात मुक्तस्रोत प्रणालींचे परवाने हा विषय घ्यायचं ठरलं होतं. तो पुढे ढकलतो, कारण श्रीपूरहून आलेल्या एका पत्राने मला दुसरीकडेच ओढून नेलं. पत्र लिहिणारा तरुण पुण्याच्या एका कंपनीचं काम गावातल्या घरी बसून करतो. कंपनीचा सगळा कारभार पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर चालतो. त्यात त्याला एक दोष सापडला, दुरुस्तीही, म्हणजे पॅचही, सुचला. साहेब म्हणाले, 'पाठव, पण लवकर मान्य करून घे, ग्राहकाला महिनाअखेरीला द्यायचंय.' त्याचे दोन प्रश्न आहेत. पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांशी बोलायचं ते कंपनीचा माणूस म्हणून की माझा मी म्हणून? आणि लवकर मान्य करून घ्यायचं म्हणजे काय करायचं?

पोस्टग्रेसचं नाव निघालं की मला राहवत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच डेटाबेसच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास पुण्यात घडलेला आहे.

पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही. तिची नवी आवृत्ती वेगळी लिहिली जाते, म्हणजे त्याच क्षणी कुणी जुनी माहिती वाचत असेल तर त्याला धक्का लागत नाही. रचना सुंदर आहे, पण तिची किंमत मोजावी लागायची. ऊस उत्पादकांचा तक्ता घ्या. सभासद क्रमांक, नाव आणि गाव या तीन रकान्यांवर इंडेक्स, म्हणजे शोधायच्या सूची, आहेत. गळीत हंगामात दर खेपेला बदलतं ते फक्त एकूण टनेज. तरीही प्रत्येक बदलाला तिन्ही इंडेक्समध्ये नवी नोंद व्हायची, कारण ओळीची आवृत्ती नवी. हंगाम संपेपर्यंत इंडेक्स फुगायचे आणि डेटाबेस धापा टाकायचा.

यावरचा उपाय म्हणजे हीप ओन्ली टपल, थोडक्यात 'हॉट'. इंडेक्स असलेला एकही रकाना बदललेला नसेल आणि डेटाबेसच्या त्याच आठ किलोबाइटच्या पानावर जागा असेल, तर इंडेक्सला हातच लावायचा नाही. जुनी आवृत्ती नवीकडे बोट दाखवते, इंडेक्स जुन्याच ठिकाणी येतो आणि तिथून पुढे जातो. निरुपयोगी झालेल्या आवृत्त्याही मोठ्या साफसफाईची वाट न पाहता, पान हाताळता हाताळता काढल्या जातात. आज जगभर पोस्टग्रेसवर जे व्यवहार धावतात त्यांच्यामागे ही युक्ती रोज राबते आहे.

हे काम पवन देवलसी यांचं. ते तेव्हा एंटरप्रायझडीबी या कंपनीत पुण्यात काम करत. पगार कंपनीचा, वेळ कंपनीचा, गरजही कंपनीच्या ग्राहकांची. पण आराखडा कंपनीच्या बंद खोलीत शिजला नाही. तो उघड्यावर मांडला गेला, त्याच्यावर वाद झाले, तो बदलला, पुन्हा मांडला गेला. शेवटी 20 सप्टेंबर 2007 रोजी पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांपैकी टॉम लेन यांनी तो तपासून, दुरुस्त करून मूळ प्रतीत घेतला. आणि टॉम लेन त्या काळी नोकरी करत होते रेड हॅटमध्ये. एका कंपनीच्या पगारावर लिहिलेलं काम दुसऱ्या कंपनीचा पगारी माणूस ओळ न् ओळ वाचून पक्कं करतो, आणि यात दोघांनाही काही वावगं वाटत नाही. मला या सगळ्या जगातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटत आलं आहे.

4 फेब्रुवारी 2008 रोजी 8.3 ही आवृत्ती आली. तिच्या माहितीपत्रकात हॉटपुढे देवलसींचं नाव आहे आणि त्याला जोडून, इतर अनेकांच्या कल्पनांसह, असा उल्लेख आहे. कंपनीचं नाव तिथे नाही. पोस्टग्रेसची रीतच तशी आहे.

तेव्हा श्रीपूरच्या मित्रा, बोलायचं ते स्वतःच्या नावाने. शब्द तुझा, चूक तुझी, श्रेयही तुझं. उद्या तू नोकरी बदललीस तरी तिथली ओळख तुझ्याबरोबर येईल. पण कंपनी लपवायची नाही. 'मी अमुक कंपनीत आहे, आमच्या ग्राहकाला ही अडचण आली' हे पहिल्याच पत्रात सांगून टाकायचं. समोरच्याला तुझा हितसंबंध कळला की तो तुझं म्हणणं त्या मापाने तोलतो, आणि तो त्याचा हक्क आहे. लपवलेलं नंतर उघड झालं, तर तुझा चांगला मुद्दाही संशयात सापडतो. आणि मुख्य म्हणजे हे सगळं सुरू करण्याआधी साहेबांचा होकार लेखी घे. तोंडी 'पाठव' पुरत नाही.

हितसंबंधांचा हा प्रश्न केवढा खरा आहे ते 2020 मध्ये दिसलं. पोस्टग्रेसचं सुकाणू ज्या छोट्या मंडळाकडे आहे, त्यात तेव्हा पाच जण होते. एंटरप्रायझडीबीने सेकंड क्वाड्रंट ही कंपनी विकत घेतली आणि एका रात्रीत त्या पाचांपैकी तिघे एकाच मालकाचे नोकर झाले. कुणी काही वाईट केलेलं नव्हतं. तरी निम्म्याहून जास्त माणसं एका कंपनीची नसावीत हा मंडळाचा संकेत होता, आणि त्यांनी तो पाळला. अँड्रेस फ्रॉइंड आणि जोनाथन कॅट्झ हे दोन नवे सदस्य घेऊन पाचांचे सात केले. श्रीपूरकरांना हे समजावून सांगायला नको. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा खासगी कारखाना या गावाने पाहिला आणि पांडुरंग सहकारी साखर कारखानाही पाहतं आहे. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. इथेही कंपनीने कितीही माणसं पगारावर ठेवली, तरी प्रत्येकाचं वजन त्याच्या कामापुरतं.

म्हणूनच आपल्या सूचनेला ऑफिसातल्या चार मित्रांकडून 'माझाही पाठिंबा' असं लिहवून घ्यायचं नाही. हा प्रकार आपल्याकडे फार चालतो आणि तो मला मनापासून खटकतो. ज्याने पॅच चालवून पाहिला, त्यानेच बोलावं.

आता दुसरा प्रश्न, लवकर मान्य करून घेण्याचा. ते तुझ्या हातात नाही, आणि तसा प्रयत्नही करू नकोस. घाईचा तगादा किती घातक ठरू शकतो हे एक्सझेड प्रकरणाने दाखवलं. फाइली आकसून ठेवणारी ही छोटीशी प्रणाली लॅसे कॉलिन फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लकडा लावला: पॅच रेंगाळताहेत, तुमच्याने होत नसेल तर दुसरा माणूस घ्या. मदतीला तत्पर असा एक 'जिया टॅन' तिथे हजरच होता. त्याला अधिकार मिळाले, आणि 2024 मध्ये त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला आपल्या अँड्रेस फ्रॉइंड यांनीच. ते मायक्रोसॉफ्टचे नोकर. पोस्टग्रेसचा वेग मोजत असताना सर्व्हरवर दुरून प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. आधी सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांना खासगीत कळवलं, मग 29 मार्च 2024 रोजी जाहीर केलं. तुझा दोष सुरक्षेचा असेल तर हाच क्रम पाळ. बाकी सगळं उघड्यावर बोलायचं, एवढं मात्र नाही.

तेव्हापासून घाई करणाऱ्याकडे सांभाळणारे जास्तच बारकाईने पाहतात. 'आमची महिनाअखेर आहे' हे कारण तिथे कुणालाही पटत नाही. साहेबांना स्पष्ट सांग: ग्राहकासाठी आपल्या प्रतीत दुरुस्ती आज करू, मूळ प्रतीत ती जाईल तेव्हा जाईल. तोवर दुसऱ्या कुणाचा तरी पॅच वाचून दे. 8.3 च्या वेळी मोठे पॅच फार रेंगाळले होते. पुढे 2008 पासून पोस्टग्रेसने कमिटफेस्ट सुरू केले, म्हणजे ठरावीक काळ फक्त तपासणीचा. तिथे अपेक्षा अशी की ज्याने आपला पॅच ठेवला त्याने दुसऱ्याचा एक तपासावा. कंपनीच्या वेळापत्रकात हा वेळ मागून घे, कारण तो दिला नाही तर तुझा पॅच तरी कोण वाचणार?

आणि दोष दाखवताना ग्राहकाचा खरा तक्ता पाठवू नकोस. शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, टनेज असलं काही तिथे एकदा गेलं की परत येत नाही. खोट्या नावांचा दहा ओळींचा तक्ता बनव आणि दोष त्यात दाखव. असा नेटका नमुना पाहून अनेकदा निम्मं काम तिथेच होतं.

नकाराचीही तयारी ठेव. देवलसींनीच 2016 मध्ये, सेकंड क्वाड्रंटमध्ये असताना, हॉटच्या पुढची पायरी मांडली होती. तिचं नाव 'वॉर्म'. एखादा इंडेक्स असलेला रकाना बदलला तरी बाकीच्या इंडेक्सना हात लावायला लागू नये, असा तो विचार. त्याच वर्षी उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाण्याची कारणं मांडली होती, आणि त्यात नेमकी हीच तक्रार होती. गरज होती, माणूस सिद्ध झालेला होता, चर्चाही लांब आणि मनापासून झाली. तरी गुंतागुंत आणि धोका पाहता ते मूळ प्रतीत गेलं नाही. ती सगळी चर्चा आजही वाचायला मिळते. पॅच पाठवण्याआधी तू ती वाचच. आक्षेपांना उत्तरं कशी द्यायची हे मी सांगण्यापेक्षा तिथे चांगलं कळेल.

तुझ्या पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: रात्री, घरच्या संगणकावर, कंपनीच्या वेळेबाहेर लिहिलेला पॅच कुणाचा? ते तुझ्या नेमणूकपत्रातल्या बौद्धिक संपदेच्या कलमावर अवलंबून आहे. हे कलम बहुतेकांनी सही करताना वाचलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात परवाने घेईन तेव्हा सुरुवात तिथूनच करू. तोवर तुझं नेमणूकपत्र काढून ठेव.