नांगराच्या पंखाची वक्रता व संगणकावरील रेखन

काळ्या भारी जमिनींत लोखंडी नांगर चालविणाऱ्या शेतकऱ्यांस हें ठाऊकच आहे कीं, दोन नांगर दिसण्यांत व वजनांत सारखे असले तरी कामांत सारखे नसतात. एक माती स्वच्छ उलटून टाकतो; दुसऱ्याच्या अंगावर चिखल थापला जाऊन तो माती नुसती ढकलीत जातो. अशा वेळीं दोष पुष्कळदां फाळाच्या धारेंत नसून फाळामागील, माती पलटविणाऱ्या वक्र पत्र्यांत असतो. ह्या पत्र्यास प्रस्तुत लेखांत ‘पंख’ म्हटलें आहे. मूळ पंख झिजला म्हणजे आपण जवळच्या कारखान्यांतून दुसरा करून घेतों, व त्याची वक्रता बहुधा नुसत्या नजरेनें बसविली जाते. परिणाम असा होतो कीं, ट्रॅक्टरास डिझेल अधिक लागतें, बैलांच्या खांद्यावर ओढ अधिक पडते, आणि हरळी व कुंदा ह्यांचीं मुळें उलटून उन्हांत पडावयाचीं तीं मातींतच राहून पुनः फुटतात. हें नुकसान टाळण्याचें एक साधन आज संगणकाच्या रूपानें उपलब्ध झालें आहे. त्याची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

ह्या साधनाचें मूळ तत्त्व मात्र नवें नाहीं. गवंडी ओल्या चुन्यावर पत्र्याचा फर्मा एका सरळ पट्टीच्या आधारानें ओढीत नेतो, आणि भिंतीवर सबंध गलथा उमटतो. सुतार नक्षीचा रंधा चौकटीच्या कडेवर चालवितो, तेव्हां रंध्याच्या पात्याचाच आकार लांकडाच्या सर्व लांबीवर उतरतो. ओतारी मोठी कढई किंवा घंटा ओतण्यापूर्वीं मधल्या खुंटाभोंवतीं एक कापलेली फळी फिरवून मातीचा सांचा सिद्ध करितो. ह्या तिन्ही कामांत एक आकार एका मार्गावरून फिरविला जातो, व तो जेथून जेथून जातो तेथें पृष्ठभाग तयार होतो. संगणकावर यंत्रभाग रेखणारे लोक ह्याच कृतीस ‘स्वीप’ म्हणतात. फिरणाऱ्या आकारास आपण छेद म्हणूं, ज्यावरून तो फिरतो त्या रेषेस मार्ग म्हणूं, आणि फिरतांना छेदाचीं टोकें ज्या रेषांस धरून राहतात त्यांस मार्गदर्शक रेषा म्हणूं.

नांगराचा पंख हा अशाच पृष्ठभागाचा उत्तम नमुना आहे. अमेरिकेचे पुढें अध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन हे स्वतः शेतीचे मोठे जाणकार होते. इ. स. १७८८ मध्यें फ्रान्सांत प्रवास करीत असतां तेथील बोजड नांगर पाहून कमींत कमी रोध होईल असा पंख करण्याचा विचार त्यांनीं आरंभिला, व १७९८ सालीं आपली रीति सर जॉन सिंक्लेअर ह्यांस पत्रानें कळविली. ती रीति थोडक्यांत अशी: लांकडाचा ठोकळा घेऊन त्यावर दोन तिरप्या रेषा आंखावयाच्या, करवतीनें जवळजवळ काप द्यावयाचे, आणि प्रत्येक काप त्या दोन्ही रेषांस पोंचला कीं थांबावयाचें, मग मधलें लांकूड वाकसानें कापांच्या तळापर्यंत तासून काढावयाचें. अशा प्रकारें एक सरळ रेषा दोन मार्गदर्शक रेषांवरून सरकत जाऊन सबंध वक्र पृष्ठ बनतें. ह्या रीतीचा खरा गुण हा कीं, कोणत्याही साधारण सुतारास तोच पंख पुनःपुन्हां हुबेहूब करतां येतो. कारागिराच्या नजरेवर कांहीं अवलंबून राहत नाहीं.

पुढील सुधारणा धातूची झाली. इलिनॉय प्रांतांतील चिकट जमिनींत ओतीव नांगरास माती चिकटे. म्हणून १८३७ सालीं जॉन डीअर नामक लोहारानें लांकूड कापण्याच्या गिरणीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर घडविला, व तो माती झाडून टाकूं लागला. आपल्या इकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीमुळें आरंभीं त्याला गिऱ्हाईक मिळेना. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि हा नांगर महाराष्ट्रभर पसरला.

आतां संगणकावरील कृति पाहूं. फ्रीकॅड नांवाची रेखनप्रणाली विनामूल्य मिळते. तींत हें काम होऊं शकतें. प्रथम पंखाचा खालचा व वरचा कांठ ह्या दोन मार्गदर्शक रेषा काढाव्या. नंतर फाळाजवळचा उभा छेद काढावा. मग तो छेद मागील टोंकापर्यंत फिरवावा. सांगावयास हें सोपें आहे, परंतु चार चुका वारंवार होतात. छेद मार्गदर्शक रेषेस नेमका टेंकला नसेल, तर पृष्ठ मुळींच बनत नाहीं, अथवा भलतेंच बनतें. मार्गाचें वळण छेदाच्या रुंदीच्या मानानें फार आखूड असेल, तर पृष्ठ स्वतःवरच दुमडतें. मार्गांत कोपरा राहिला, तर पंखावर घडी पडते, आणि शेतांत चिखल धरावयास तेवढी जागा पुरते. चौथी चूक अशी कीं, छेदानें वळणाबरोबर फिरावयाचें कीं आपली मूळ दिशा राखावयाची, हें आधीं ठरवून दिलें नाहीं, तर पंख भलत्याच ठिकाणीं पिळला जातो. पृष्ठावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचें प्रतिबिंब पाडून पाहण्याची सोय पुष्कळ प्रणालींत असते. पट्ट्या जेथें तुटतात वा एकदम वांकतात तेथें दोष आहे असें समजावें.

हें रेखन शेतकऱ्यानें स्वतःच केलें पाहिजे असें नाहीं. तें जाणता तरुण वा रेखनकार करील. शेतकऱ्याचें काम अचूक मापें देण्याचें आहे. त्याकरितां कमी झिजलेला, शक्य तर कोराच पंख घ्यावा. तो सपाट जागेवर, नांगरास लागतो त्याच स्थितींत पक्का उभा करावा. त्यावर खडूनें दर पांच सेंटिमीटरांवर उभ्या व आडव्या रेषा आंखाव्या. समोर एक सरळ फळी ओळंब्यांत उभी करून, प्रत्येक छेदबिंदूपर्यंतचें अंतर गुण्या लावून मोजावें व तक्त्यांत लिहावें. ज्या पंखानें आपल्याच जमिनींत उत्तम काम दिलें असेल त्याचींच मापें घ्यावीं. परक्या जमिनीच्या नांगराची नक्कल फलद्रूप होईलच असें नाहीं. मातीच्या पट्टीची रुंदी तिच्या खोलीच्या सुमारें सव्वापटीहून अधिक असली तरच ती नीट उलटून स्थिर पडते, हा जुना नियमही रेखनकारास सांगून ठेवावा.

आकृति तयार झाली म्हणजे ती लांकडांत उतरविणें प्राप्त होतें. नागपूरच्या पूर्व भागांतील लकडगंज ही नांवाप्रमाणेंच लांकडाची पेठ आहे, आणि येथें हें काम सहज जमण्यासारखें आहे. आकृतीचे दर पांच सेंटिमीटरांवरील छेद कागदावर खऱ्या मापांत छापून घ्यावे, ते प्लायवूडवर चिकटवून कापावे, व क्रमानें एका पाटावर उभे करावे. पत्रा वांकविणाऱ्या कारागिरास पडताळ्याचा एवढा सांगाडा पुरतो. ओतीव पंख हवा असल्यास वाळलेल्या सागवानाचा भरीव नमुना करवावा. परंतु बीड थंड होतांना सुमारें शेंकडा एक आकसतें, म्हणून नमुना तेवढ्या मानानें मोठा ठेवावा, आणि तो सांच्यांतून मोकळा निघावा म्हणून कडांस किंचित् उतार द्यावा. हा हिशेब संगणक क्षणांत करितो. मात्र तो करावयास कोणी सांगितलें पाहिजे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पडद्यावर सुरेख दिसणारा पंख शेतांत सुरेख चालेलच असें नाहीं. मातीचा ओल, पोलादाचा कठीणपणा व पृष्ठाची झिलई ह्या गोष्टी आकृतींत येत नाहींत. म्हणून पहिला पंख एकाच नांगरास लावून, वाफसा असतां, जुन्या पंखाशेजारीं तास घालून पाहावा. तण किती गाडलें गेलें, चिखल कोठें धरला व डिझेल किती लागलें ह्यांची टांचणें ठेवावीं. चिखल जेथें धरतो तेथील वक्रता आकृतींत सुधारून पुनः नमुना करावा. जुन्या पद्धतींत अशी दुरुस्ती म्हणजे सर्व काम पहिल्यापासून करणें असे. आतां मार्गदर्शक रेषेचा एक बिंदु सरकविला कीं सबंध पृष्ठ त्याप्रमाणें बदलतें. ह्या साधनाचा खरा लाभ तो हाच.

एकेकट्या शेतकऱ्यास हा खटाटोप महाग पडेल. परंतु एका गांवांतील दहा-वीस खातेदारांची जमीन व नांगर बहुधा सारखेच असतात. त्यांनीं मिळून एक आकृति करविली, एक सांगाडा सामाईक ठेविला, व मापांचा तक्ता सोसायटीच्या दप्तरीं नोंदविला, तर पुढें कोणताही कारागीर बदलला तरी पंख बदलणार नाहीं. चांगल्या नांगराची वक्रता आजवर कारागिराच्या हातांत राहिली, आणि तो गेला कीं तीही गेली. ती आतां कागदावर व दप्तरांत राहूं शकते. येत्या उन्हाळी नांगरटीपूर्वीं एका तरी गांवानें हा प्रयोग करून आपला तक्ता शेजारच्या गांवांस दाखवावा, अशी आमची सूचना आहे.