'अंतरा' इंजेक्शनची तारीख चुकली तर काय? घेण्याआधी आणि घेतल्यावर या गोष्टी लक्षात ठेवा

घाटंजी : दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळतं. तीन महिन्यांतून एकदा घेतलं की रोज गोळी लक्षात ठेवायची गरज नाही. पण तारीख ऐन कापूस वेचणीत आली, तर दवाखान्याची फेरी सहज मागे पडते. तिथेच नको असलेल्या गरोदरपणाचा धोका सुरू होतो.

'अंतरा' म्हणजे काय?
मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं १५० मिलिग्रॅमचं हे इंजेक्शन. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात ते २०१७ पासून दिलं जातं. ते स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही. वेळेवर घेतल्यास वर्षभरात १०० पैकी एकीलाही गर्भ राहण्याची शक्यता नसल्यात जमा. पण तारखा चुकतात, म्हणून प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे ४ आहे.

पहिला डोस कधी?
- पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांत घेतल्यास लगेच संरक्षण मिळतं.
- एरवीही घेता येतो; मात्र गरोदर नसल्याची खात्री हवी आणि पुढचे ७ दिवस कंडोम वापरावा.
- बाळ अंगावर पीत असेल, तर बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी.

पहिला डोस डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्या. पुढचे डोस प्रशिक्षित आरोग्यसेविका देऊ शकते. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका.

डॉक्टरांना काय सांगायचं?
खूप वाढलेला बीपी, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, जुना मधुमेह किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर लपवू नका. अशांना दुसरा उपाय सुचवला जातो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार त्यांना हे इंजेक्शन चालतं. तरी कार्ड दाखवून डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पाळी बंद झाली, घाबरायचं का?
नाही. सुरुवातीला मधूनमधून डाग पडतात, नंतर पाळी थांबू शकते. वर्षभरानंतर साधारण निम्म्या महिलांची पाळी येत नाही. 'रक्त आत साचतं' हा गैरसमज आहे. थोडं वजन वाढणं, डोकेदुखी, चिडचिड होऊ शकते. मात्र खूप जास्त रक्तस्राव, नजर अंधुक होऊन तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणं किंवा कावीळ दिसल्यास थेट दवाखाना गाठा. एकदा टोचलेलं औषध काढून घेता येत नाही.

तारखेचं गणित
समजा, १५ ऑक्टोबरला डोस घेतला. पुढची तारीख १५ जानेवारी. त्या वेळी गावाबाहेर जायचं असेल, तर दोन आठवडे आधी, म्हणजे १ जानेवारीपासून घेता येतो. उशीर झालाच, तर चार आठवड्यांपर्यंत, म्हणजे १२ फेब्रुवारीपर्यंत चालतो. त्यानंतर आधी गरोदर नसल्याची खात्री, मग इंजेक्शन आणि ७ दिवस कंडोम. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कॅलेंडरला रिमाइंडर लावा.

जास्त वर्षं घेतलं तर?
हाडांची घनता थोडी कमी होते. बंद केल्यावर बरीचशी भरून येते. २०२४ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या फ्रेंच अभ्यासात वर्षभराहून अधिक वापर आणि मेंदूच्या आवरणातील गाठ यांचा संबंध आढळला. ही गाठ मुळातच दुर्मीळ आहे. तरी दर दोन वर्षांनी डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवा.

मूल हवं असेल तेव्हा?
शेवटच्या डोसनंतर गर्भ राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात. हे कायमचं वंध्यत्व नाही. लवकर मूल हवं असेल, तर दुसरा उपाय निवडा. आणि एक लक्षात ठेवा : एचआयव्ही व गुप्तरोगांपासून हे इंजेक्शन वाचवत नाही, त्यासाठी कंडोमच लागतो.

शंका असल्यास आशाताई, जवळचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. घ्यायचं की थांबवायचं, हा निर्णय त्या महिलेचाच.