वाद्यवृंद समोर बसून ऐकताना

आपल्या शहापूर-मुरबाड भागात 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणेशोत्सवातील सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद ही मात्र निराळीच गोष्ट होय.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला. त्यांचे चिरंजीव झुबिन यांचा कान त्यामुळे घरीच तयार झाला होता. तरीही १९५४ साली, अठराव्या वर्षी, शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेल्यावर तेथील फिलहार्मोनिकने वाजविलेली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकून ते भारावून गेले. असे काय होते तीत?

आपल्या भजनात गायक, पेटी, टाळकरी एकाच चालीमागून जातात. सिंफनीत निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी चालतात. १८७६ साली प्रथम सादर झालेल्या या रचनेच्या आरंभी नगाऱ्यासारखी टिंपनी एकाच स्वरावर ठोके देत राहते; व्हायोलिने वर चढतात, तर सुषिर वाद्ये खाली उतरतात. ही ओढाताण हाच तिचा प्राण. जुन्या तबकडीवर सारे आवाज एकाच कर्ण्यातून येत, एकमेकांत मिसळून जात. सभागृहात ते निरनिराळ्या दिशांनी येतात. म्हणून कानाला वेगळे ओळखता येतात आणि एकत्रही भिडतात.

पुढे १९६१ साली झुबिन मेहतांनी याच वाद्यवृंदाचे संचालन केले. तबकडी ओळख करून देते. प्रत्यक्ष श्रवण माणसाला आतून हलविते. त्यासाठी व्हिएन्नाच गाठावे असे नाही. मुंबईच्या एन.सी.पी.ए.त २००६ साली असा वाद्यवृंद उभा राहिला, आणि आसनगावहून मुंबईला लोकल जातेच!